दुर्गम गाव, सुगम लेखन

आपल्या धर्मग्रामांच्या नियतकालिकांत एक लेखनप्रकार गेल्या काही दशकांत चांगलाच रुजला आहे. आदिवासी पाड्याला दिलेल्या भेटीचा वृत्तान्त, असे त्याचे ढोबळ वर्णन करता येईल. नाताळाच्या आधी किंवा प्रायश्चित्तकाळात युवकांचा गट अथवा महिला मंडळ एखाद्या दूरच्या पाड्यावर जाते. सोबत कपडे, वह्या, खाऊ असतो. परतल्यावर गटातील कोणी लिहिते होते आणि लेख अंकाकडे येतो. त्याची बांधणीही ठरून गेली आहे. पहाटे गाडी निघते, डांबरी रस्ता संपतो, ओढा लागतो. मग कुडाची घरे, लाजरी मुले, सुरकुतलेल्या चेहऱ्याची हसरी आजी, सायंकाळी तारपा किंवा ढोल. आणि अखेरीस, यांच्याजवळ काही नसूनही हे किती सुखी आहेत, असा उद्गार.

या लेखांमागील सद्भावनेविषयी आम्हांला शंका नाही. तथापि सद्भावना हा वाङ्मयाचा निकष होऊ शकत नाही. आपल्यातील अनेक कुटुंबांना आदिवासी समाजाचे जे चित्र ठाऊक आहे, ते बहुतांशी अशाच लेखांतून आलेले असते. म्हणून हा प्रकार हौशी म्हणून सोडून न देता त्याची नीट परीक्षा करणे आम्हांला आवश्यक वाटते. आमचा मुख्य आक्षेप असा की, या लेखांत गाव दुर्गम असते आणि लेखन मात्र फार सुगम असते. लेखकाला रस्त्याचे कष्ट पडतात. गाव समजून घेण्याचे कष्ट तो घेत नाही.

आधी 'दुर्गम' या शब्दाचा विचार करू. वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यात, पुलगावला लागून, नाचणगाव नावाचे मोठे गाव आहे. हे नाव एखाद्या भेटीच्या लेखाच्या शीर्षकात घातले, तर विदर्भ न पाहिलेल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे काय उभे राहील? नावात 'नाच' आहे. तेवढ्यावरून जंगल, शेकोटी आणि फेर धरलेले स्त्रीपुरुष मनात तयार होतील. वस्तुस्थिती अशी की, पुलगाव हे मुंबई–नागपूर लोहमार्गावरचे स्थानक आहे आणि भोवतीचा मुलूख कपाशीचा आहे. तेथे पोहोचण्यासाठी ओढा ओलांडावा लागत नाही.

मग त्या परिसरात आदिवासी नाहीत काय? आहेत. वर्धा जिल्हा आपण सेवाग्राम आणि पवनार या नावांनी ओळखतो. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण साडेअकरा टक्क्यांच्या आसपास आहे. संपूर्ण राज्यात ते सुमारे ९.४ टक्के आहे. गोंड, परधान आणि कोलाम या जमाती या भागात राहतात. राज्यात आदिम म्हणून नोंदलेल्या तीन जमातींपैकी कोलाम ही एक. उरलेल्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. आपल्याला 'पाडा' हा शब्द परिचित आहे. विदर्भात कोलामांच्या वस्तीला 'पोड' म्हणतात. वर्ध्याच्या शेजारचे नागपूर वसवणारा देवगडचा बख्त बुलंद हाही गोंड राजाच होता. मात्र कापूस वेचणारा, बाजाराला येणारा, मराठी बोलणारा गोंड किंवा कोलाम भेटीच्या लेखांत सहसा दिसत नाही. त्याच्या आणि लेखकाच्या मध्ये पुरेसे अंतर नसते, आणि या लेखनप्रकाराला अंतर हवे असते. अंतरामुळे लेखक प्रवासी ठरतो आणि समोरचा माणूस प्रेक्षणीय ठरतो. आदिवासी आपल्या रेल्वेस्थानकाबाहेर उभा असला, तर त्याच्या मजुरीचा दर विचारावा लागेल. पाड्यावर तो भेटला, की त्याचा नाच पाहून परतता येते.

दुसरा शब्द 'समृद्ध परंपरा'. हा शब्दप्रयोग अशा जवळजवळ प्रत्येक लेखात असतो, पण परंपरा कोणती, ती कोण सांभाळते, तिच्यात कोणते वाद आहेत, हे क्वचितच सांगितले जाते. परंपरेचे लेखन नीट केले तर काय हाती लागते आणि सुगम केले तर काय हरवते, हे दाखवणारे एक जुने उदाहरण आहे. त्याचा आरंभ वर्ध्याच्या शेजारी, नागपुरात होतो.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे धर्मप्रसारक १८४५ साली नागपूरला आले. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाचे. भूगर्भशास्त्र, जुने अवशेष, गोंडांची भाषा अशा अनेक विषयांत त्यांना गती होती. टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतत असता, ४ सप्टेंबर १८६३ रोजी, पुराच्या नाल्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांच्या मागे राहिलेले कागद मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले. त्या कागदांत गोंडांचे एक दीर्घ गीत होते. एका परधानाच्या तोंडून ते उतरून घेतलेले होते. मूळ गोंडी शब्द रोमन लिपीत आणि त्यांचे भाषांतर इंग्रजीत.

हे गीत लिंगोचे आहे. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडले आहे. फुलापासून जन्मलेला लिंगो चार गोंड भावांचा सोबती होतो, आणि भावांच्या बायकांनी घेतलेल्या खोट्या आळामुळे त्याच भावांच्या हातून मारला जातो. देवाच्या अमृताने तो पुन्हा उठतो, कोंडलेल्या गोंडांना सोडवतो, त्यांची कुळे ठरवून देतो, त्यांना विधी शिकवतो आणि शेवटी दिसेनासा होतो. एका समाजाने आपली उत्पत्ती, आपले अपराध आणि आपली सोयरीक या गीतात एकत्र सांगितली आहे.

१८७१ साली जेम्स फोर्सिथ या लष्करी अधिकाऱ्याने मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील आपल्या ग्रंथात हेच गीत इंग्रजी पद्यात आणले. त्याने लिंगोला 'संत' केले, गीत आटोपशीर केले आणि त्याला लाँगफेलोच्या 'हायावाथा'चे वृत्त दिले. अमेरिकेतील मूलनिवासींवरचे ते काव्य त्या काळी इंग्रजी वाचकांत लोकप्रिय होते. फोर्सिथची रचना वाचायला गोड आहे. पण गोंडांचे गीत दुसऱ्याच खंडातील लोकांसाठी शिवलेल्या अंगरख्यात वाचकापुढे उभे राहिले, ही गोष्ट त्या गोडव्यात विरून जाते. हिस्लॉप यांची नोंद वाचायला कठीण आहे. तिच्यात अडणारे शब्द आणि पुनरुक्ती आहेत. परंतु मूळ गोंडी शब्द तिच्यात राहिल्यामुळे पुढील अभ्यासक ते तपासू शकतात. फोर्सिथच्या पद्यावरून असे काही तपासता येणार नाही. भेटीच्या लेखांना आम्ही सुगम म्हणतो ते याच अर्थाने. वाचकाला जेथे अडखळायला हवे, तेथेही ते त्याला अडखळू देत नाहीत.

हिस्लॉप यांचीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. १८६६ च्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर हिस्लॉप आणि टेंपल अशी दोन नावे आहेत. गाणाऱ्या परधानाचे नाही. ख्रिस्ती वाचकाच्या बाबतीत आणखी एक धोका संभवतो. मरून उठणारा, कोंडलेल्यांना सोडवणारा लिंगो वाचताच 'हे तर आपल्याच तारणकथेसारखे' असे म्हणण्याचा मोह होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या प्रेषितकार्यविषयक आदेशपत्रात, लोकांच्या परंपरांत दडलेली शब्दबीजे आनंदाने आणि आदराने शोधण्यास सांगितले आहे. हा शोध म्हणजे घाईने लावलेले साम्य नव्हे. लिंगो कुळे वाटून देतो, कोणत्या कुळाची सोयरीक कोणाशी व्हावी ते ठरवतो. आपल्या कथेशी न जुळणारा हा भाग गोंडांच्या दृष्टीने गीताच्या गाभ्याचा आहे. तो गाळून उरलेल्या भागाला साम्य म्हणणे हे फोर्सिथचेच काम पुढे नेणे होय.

हे गीत सांगणारा परधान कोण, याचे सविस्तर उत्तर एका मराठी ख्रिस्ती लेखकाने दिले आहे, आणि आपल्या समाजात त्याचे नावही फारसे घेतले जात नाही. शामराव हिवाळे हे पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातील तरुण. याच संघात १९२७ साली व्हेरिअर एल्विन हे अँग्लिकन धर्मसेवक इंग्लंडहून आले होते. गोंडांमध्ये जाऊन काम करावे, ही सूचना एल्विन यांना वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांनी केली. १९३२ साली एल्विन आणि हिवाळे मंडला जिल्ह्यातील करंजिया या गावी राहायला गेले. एल्विन जगप्रसिद्ध झाले. हिवाळे यांचा नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवरचा इंग्रजी ग्रंथ १९४६ साली निघाला. तो अभ्यासकांपुरता राहिला.

हिवाळे यांच्या ग्रंथातील परधान हा स्वतःच भेटीला जाणारा माणूस आहे. तो काही वर्षांच्या अंतराने आपल्या गोंड यजमानांच्या गावी जातो. त्याच्या खांद्याला बाना हे तंतुवाद्य असते, आणि त्या वाद्यात बडादेवाचा वास मानला जातो. यजमानाच्या दारी बसून तो त्या घराच्या पूर्वजांची, त्या कुळाच्या देवांची आणि गोंड राजांची गाणी गातो. यजमान त्याला जेवू घालतो, दान देतो. म्हणजे गोंड संस्कृतीत गावाला भेट देण्याची एक पूर्ण विकसित कला आधीपासून आहे. तिच्यात पाहुणा यजमानाचा इतिहास यजमानालाच नावानिशी ऐकवतो. चुकले तर ऐकणारे तिथल्या तिथे सांगू शकतात, कारण तो इतिहास त्यांचाच असतो.

भेटीच्या लेखनाला यापेक्षा चांगला निकष आम्हांला सुचत नाही. आपला पाहुणा पाड्यावर दान घेऊन जातो आणि परतताना स्वतःचा अनुभव घेऊन येतो. परधान गावात यजमानाचा इतिहास घेऊन जातो आणि परतताना दान घेऊन येतो. पहिल्या भेटीत यजमानाला केवळ घ्यायचे असते, दुसरीत त्याला द्यायचे असते. देणाऱ्याला मान असतो, हे कोणत्याही घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे.

या निकषावर काही ग्रंथ पारखून पाहू. एल्विन यांची करंजियाची रोजनिशी 'लीव्हज फ्रॉम द जंगल' १९३६ साली प्रसिद्ध झाली. तिची मोठी जमेची बाजू म्हणजे विनोद. त्यात हसू होते ते बव्हंशी पाहुण्यांचे. लेखक गावात राहतो, आजारी पडतो, फजीत होतो आणि ते लिहितो. परंतु केवळ राहण्याने लेखन खरे होते असेही नाही. १९४० साली एल्विन यांनी कोसी या गोंड तरुणीशी विवाह केला आणि काही वर्षांनी तो मोडला. त्यांच्या निधनानंतर १९६४ साली निघालेल्या आत्मचरित्राला पुढील वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आदिवासींच्या प्रेमाने भरलेल्या त्या ग्रंथात या पत्नीला मात्र ओझरताच उल्लेख लाभला आहे. गावाविषयी इतके उदारपणे लिहिणारा लेखक ज्या एका माणसाचे देणे लागत होता, तिच्याविषयी गप्प राहिला. समीक्षेने हे नोंदवले पाहिजे.

मराठीत गो. नी. दांडेकर यांची 'जैत रे जैत' ही १९६५ ची कादंबरी आपल्या वाचकांना परिचित आहे. १९७७ च्या चित्रपटामुळे तिची गाणी घरोघरी गेली. ठाकरांचा डोंगर, मधमाश्या, ढोल आणि नाग्याची जिद्द हे सारे दांडेकरांनी पायी भटकून, प्रेमाने टिपले. डोंगर त्यांच्या लेखनात जिवंत होतो, हे त्यांचे यश निर्विवाद आहे. तरी नाग्याचे वैर राणीमाशीशी आहे. जमीन कोणाची, सावकार कोण, वनखात्याचा शिपाई काय करतो, हे प्रश्न त्या कथेच्या कक्षेत फारसे येत नाहीत. कादंबरी म्हणून तिला तो अधिकार आहे. परंतु तिचा ढोल ऐकून पाड्यावर जाणारा पाहुणा पाड्यावर ढोलच शोधू लागतो, हा तिच्या लोकप्रियतेचा अनपेक्षित परिणाम होय.

याच्या दुसऱ्या टोकाला गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे १९७० चे पुस्तक आहे. त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, आताच्या पालघर जिल्ह्यातील वारल्यांची ही हकिगत. वसई-पालघरच्या आपल्या कुटुंबांना तलासरी, डहाणू ही नावे शेजारची. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जमीनदाराच्या घरी पिढ्यानपिढ्या राबणारा 'लग्नगडी', वेठबिगार, मार आणि भय यांची नोंद या पुस्तकात आहे. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे जमलेल्या वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला, आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात पाच जण मारले गेले. परुळेकर बाहेरून आलेल्या, शहरी, शिकलेल्या. परंतु त्यांच्या लेखनात वारल्यांचा इतिहास वारल्यांच्या उपयोगी पडतो. कोणी कोणावर काय केले, ते नावानिशी येते. त्यांची राजकीय भूमिका मान्य नसलेल्या वाचकालाही हे मानावे लागेल की, समृद्ध परंपरा हा शब्द न वापरता त्यांनी एका समाजाचा इतिहास लिहिला. लेखिकेचे स्वतःचे स्थान त्यात कधी कधी फार मध्यभागी येते, हा दोष मात्र आहे.

त्या दोषावर नेमके बोट वाहरू सोनवणे यांनी ठेवले. 'गोधड' हा या भिल्ल कवीचा संग्रह १९८७ चा. त्यांच्या 'स्टेज' या गाजलेल्या कवितेचा आशय असा की, व्यासपीठावर चढलेली मंडळी आदिवासींचे दुःख सांगतात आणि ज्यांचे ते दुःख आहे, त्यांना खाली बसून ते ऐकावे लागते. विदर्भात भुजंग मेश्राम यांचा 'उलगुलान' १९९० साली आला. त्याआधीच, १९७९ साली, भद्रावतीला पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले होते. आणि ज्या लिंगोपासून आपण निघालो, तो नागपूरच्या मोतीरावण कंगाली यांच्या ग्रंथांत पुन्हा गोंडांच्या हाती आला. कंगाली स्वतः गोंड. पारी कुपार लिंगो हा गोंडांच्या कोया पुनेम या धर्मपरंपरेचा संस्थापक, अशी मांडणी त्यांनी केली. त्यांच्या सर्व व्युत्पत्ती सर्व विद्वानांना पटणाऱ्या नाहीत. तरीही परधानाच्या मुखापासून मिशनरीच्या वहीपर्यंत, तेथून अधिकाऱ्याच्या ग्रंथापर्यंत आणि शिपाईगड्याच्या पद्यापर्यंत फिरलेले गीत शेवटी ज्यांचे होते त्यांच्या वादाचा विषय झाले, ही घटना वाङ्मयाच्या इतिहासात लहान नाही. जिवंत परंपरेवर वाद होतात. भेटीच्या लेखांतील परंपरेवर कधीच वाद होत नाहीत, यावरूनच ती किती वरवरची आहे ते कळते.

यावर कोणी म्हणेल की, एका दिवसाच्या भेटीवर चार पाने लिहिणाऱ्या तरुण मुलीकडून हिवाळे किंवा परुळेकर यांची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. हे बरोबर आहे. वर्षानुवर्षे राहिलेल्यांची कामे वेगळी. आपल्यातीलच स्टीफन फुक्स या कॅथलिक धर्मगुरूंनी पूर्व मंडल्यातील गोंड आणि भूमियांवर १९६० साली मोठा ग्रंथ लिहिला, तो दीर्घ अभ्यासाचे फळ होता. तथापि एका दिवसातही काही गोष्टी साधतात. ज्या आजीचा हसरा चेहरा लेखात येतो, तिच्या संमतीने तिचे नाव येऊ शकते आणि ती काय बोलली तेही येऊ शकते. तिच्या भाषेतील दोन शब्द जसेच्या तसे येऊ शकतात, वाचक त्यांच्यावर अडखळला तरी चालेल. आपण काय नेले याची यादी गाळून, तेथे आपल्याला काय वाढले गेले ते लिहिता येते. पाड्यावरच्या लोकांनी आपल्याला कोणते प्रश्न विचारले, हे तर कोणीही लिहू शकेल. 'काही नसूनही सुखी' हे वाक्य लिहिण्यापूर्वी 'काही का नाही?' असे एकदा विचारता येते. आणि छापण्यापूर्वी लेख त्या पाड्यावर वाचून दाखवता येतो. परधानाला ही परीक्षा प्रत्येक वेळी द्यावी लागे.

लूकच्या शुभवर्तमानात प्रभूने आपल्यापुढे गावोगाव पाठवलेल्या शिष्यांना रिकाम्या हाती जायला सांगितले; ज्या घरी स्वागत होईल तेथेच राहावे, पुढे येईल ते खावे, घरे बदलत फिरू नये, असे बजावले. ते शिष्य दाते म्हणून जात नाहीत. यजमानाच्या भाकरीवर राहणारे पाहुणे म्हणून जातात. परधानाची रीत आणि ही आज्ञा यांचे येथे सहज जुळते, आणि हे साम्य दाखवण्यासाठी कोणाच्याही कथेतील काही गाळावे लागत नाही.

एक सूचना आपल्या अंकांच्या संपादकांसाठी. भेटीची रीत अशी की, ती परत केली जाते. आपल्या धर्मग्रामाला आलेल्या वारली, गोंड किंवा कोलाम पाहुण्याने आपल्या घरांविषयी, आपल्या सणांविषयी, आपल्या जेवणाच्या पंगतीविषयी लिहिलेला लेख अद्याप आमच्या वाचनात आलेला नाही. नाताळ अंकाची काही पाने त्यासाठी राखून ठेवावीत. नाचणगावच्या आसपास महाविद्यालयात शिकणारी एखादी परधान मुलगी किंवा तलासरीचा एखादा वारली शिक्षक ती पाने सहज लिहू शकेल. त्यात आपल्याविषयी जे येईल, ते वाचताना आपण अडखळू. तरी ते एकही वाक्य सोपे न करता छापावे.